आधी पाचोळा, मग टाकी : नागपुरात सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर

आम्ही जूनमध्ये मोठ्या हौसेनं खताचे दोन ड्रम आणले आणि जुलै संपायच्या आत एका सकाळी ते कोणाचं लक्ष नसताना कचरागाडीत रिकामे केले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तीन आठवडे स्वयंपाकघराची खिडकी उघडली नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त जिन्यात भेटल्या की पदर नाकाला लावायच्या. तेवढं पुरे होतं.

त्यात ड्रमचा काही दोष नव्हता. आमच्याकडे ओला कचरा होता, तो कुजवायची कल्चर पावडर होती, व्हॉट्सॲप ग्रुप होता. वाळलेला पाला मात्र एक टोपलंही नव्हता, आणि भर पावसात तो कुठून आणणार? पुढच्या वर्षी आम्ही उलट्या क्रमानं सुरुवात केली. आधी पाचोळा गोळा केला, मग टाकी बांधली आणि सगळ्यात शेवटी कचरा टाकला. तेव्हापासून आमच्या २४ घरांचा ओला कचरा आवारातच जिरतो. तुम्ही पहिल्यांदाच या फंदात पडत असाल, तर आमचं एक वर्ष वाया गेलं तसं तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

नागपूर शहर रोज हजार टनांहून जास्त कचरा पूर्व नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचराडेपोला पाठवतं. उन्हाळ्यात तिथल्या ढिगाऱ्याला लागणाऱ्या आगींच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू तयार होतो, आणि वर आपलं मे महिन्याचं ऊन असतं. आपण मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत नेताना 'घेऊन जा गे मारबत' म्हणावं तशी रोज सकाळी पिशवी गाडीत टाकतो आणि विसरून जातो. पूर्व नागपुरात राहणाऱ्यांना तसं विसरता येत नाही.

काय काय लागेल

कागदपत्रं: सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत, जागा दाखवणारा आवाराचा नकाशा (हातानं काढलेला चालतो) आणि महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयाला दिलेल्या पत्राची पोच.

सामान: ताणकाटा, फावडं, लांब दांड्याचं दाताळं, दोन घमेली, रेती चाळायची चाळणी, हातमोजे, गमबूट, झाकणाचे दोन मोठे ड्रम, हिरवी शेडनेट, ताडपत्री आणि रिकाम्या चुंगड्या (पोती). चुंगड्या पन्नास-साठ तरी हव्यात. एवढ्या कशाला, ते दुसऱ्या पायरीत सांगतो.

## १. एक आठवडा फक्त वजन करा

काहीही विकत घेण्याआधी सात दिवस सोसायटीचा ओला कचरा वेगळा घेऊन तोलून पाहा. आमचा रोजचा सरासरी १४ किलो निघाला, रविवारी वीसच्या वर. विक्रेता येतो तेव्हा घरं मोजतो आणि हवेतला आकडा सांगतो. आम्हाला एकानं ५० किलोचं यंत्र सुचवलं होतं.

कायद्यात तुम्ही कुठे बसता, तेही या आकड्यावरून कळतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. आमच्यासारखी छोटी सोसायटी त्यात येत नाही. ओला-सुका वेगळा करून देणं मात्र सगळ्यांनाच बंधनकारक आहे.

## २. पाचोळा साठवा

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, ही पायरी वाचा.

भाज्यांचे देठ, उष्टं-खरकटं, फळांची सालं यांत पाणी भरपूर आणि नत्रही बऱ्यापैकी असतं. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र एका भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो. तो वाळलेल्या पाल्यात असतो. पाला दुसरंही एक काम करतो, कचऱ्यात पोकळी ठेवतो आणि त्या पोकळीतून हवा खेळते. पाला नसेल तर कचरा घट्ट बसतो, हवा संपते आणि सडका वास सुटतो. आमच्या ड्रममध्ये नेमकं हेच झालं होतं.

प्रमाण असं: वजनानं चार भाग ओला कचरा असेल तर एक भाग वाळला पाला. पाला हलका असल्यामुळे मापानं एक बादली कचऱ्याला एक ते दीड बादली चुरलेला पाला पडतो. आमच्या १४ किलोंना रोज साडेतीन किलो पाला लागतो, म्हणजे महिन्याला शंभरेक किलो. पायानं दाबून भरलेल्या एका चुंगडीत आठ ते दहा किलो मावतो. म्हणजे महिन्याला दहा-बारा चुंगड्या झाल्या.

आता कॅलेंडर काढा. नागपुरात निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. करंज, शिरीष वगैरे थोडं मागेपुढे, पण एप्रिल संपेपर्यंत रस्त्याकडेला वाळला पाला हवा तेवढा सापडतो. जूनच्या मध्यावर पाऊस आला की तो ओला होतो, आणि ओला पाला आपल्या कामाचा नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतची साठवण आधीच करून ठेवावी लागते. आमचा हिशेब ५० चुंगड्यांचा आहे. म्हणून सांगतो, नागपुरात खताचं काम फेब्रुवारीत सुरू करायचं. जागतिक पर्यावरण दिनाच्या उत्साहात, ५ जूनला, अजिबात करू नका. त्या दिवशी रोपं लावा.

एका आवारातला पाला पुरत नाही. रस्ता झाडणाऱ्या ऐवजदार ताईंशी बोलून ठेवा. त्यांना तो ढीग उचलून न्यावाच लागतो, तुम्ही चुंगडी धरून उभे राहिलात तर त्यांचं ओझं कमी होतं. आमच्या गल्लीत पूर्वी सकाळी सहाला पाला पेटवायचे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे, हे एकदा गोडीत सांगितलं. खरा फरक पडला तो पाला न्यायला माणूस येतो हे दिसल्यावर.

कुठला पाला घ्यायचा? निंब, करंज, शिरीष, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. वड, पिंपळ आणि आंब्याची पानं चिवट असतात, ती पायाखाली चुरून मगच वापरा. निलगिरी टाळा. झाडलेल्या पाल्यात गुटख्याच्या पुड्या हमखास निघतात. त्या भरतानाच वेचा, चाळताना वेचायला चौपट वेळ जातो.

पाला कमी पडला तर लकडगंजच्या आरामशिनींवर लाकडाचा भुसा मिळतो. साध्या लाकडाचाच मागा, प्लायवुडच्या भुशात डिंक आणि रसायनं असतात. भुशाचा थर पातळ द्या, जाड दिला तर त्याचा गोळा होतो. कूलरच्या जाळीत भरलेला जुना घासही आम्ही वापरून पाहिला. हंगामभर आपलं जड पाणी पिऊन त्यावर क्षारांची पांढरी पुटं चढलेली असतात, त्यामुळे तो झटकून अगदी थोडा टाकतो.

एक धोका ध्यानात ठेवा. पन्नास चुंगड्या वाळला पाला म्हणजे पन्नास चुंगड्या जळण. वीज मीटरजवळ, गाड्यांजवळ किंवा कोणी विडी ओढायला बसतो अशा कोपऱ्यात तो ठेवू नका. आमचा साठा कुंपणाच्या भिंतीलगत विटांवर ठेवलेला आहे, वर ताडपत्री आणि शेजारी पाण्याचा नळ.

## ३. सभेत ठराव करा आणि माणूस ठरवा

सभेत विरोध होणारच. 'उंदीर येतील', 'डास होतील', 'आम्ही कर कशाला भरतो?' असे प्रश्न येतात, आणि ते चुकीचे नाहीत. वाद घालत बसू नका. तीन महिन्यांची चाचणी मागा आणि 'वास आला तर बंद' हे ठरावातच लिहा. आमच्याकडे त्या एका वाक्यावर पाच जणांचे हात वर गेले.

ठरावात तीन गोष्टी हव्यातच: जागा कोणती, खर्च किती, आणि रोज काम कोण करणार. तिसरीवर बहुतेक ठिकाणी गाडं अडतं. 'आपण सगळे आळीपाळीनं करू' असं कोणी म्हणालं की समजा, दिवाळीनंतर कोणीच करणार नाही. आम्ही चौकीदारभाऊंना महिन्याला १,५०० रुपये जास्त द्यायचं ठरवलं. त्यांचं गाव काटोलकडे, घरी उकिरडा पाहिलेला माणूस. कुजणं म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळत होतं. ते रजेवर गेले की काम कोण बघणार, तेही लिहून ठेवा.

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. आपल्या झोनला एक साधं पत्र द्या: ओला कचरा आवारात जिरवतो, गाडीनं सुका आणि बाकीचा न्यावा. परवानगी म्हणून नको, नोंद म्हणून द्या आणि पोच जपून ठेवा. कोणी शेजाऱ्यानं तक्रार केली आणि महापालिकेचं उपद्रव शोध पथक दारात आलं, तर हा कागद हातात असलेला बरा.

## ४. घरातलं वेगळं करणं

सोसायटीला दोन डबे पुरतात हा गैरसमज आहे. चार प्रकार करावेच लागतात.

- ओला: भाज्या-फळांचा कचरा, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, चहाची पत्ती, अंड्यांची टरफलं, उरलेलं अन्न, सुटं निर्माल्य.
- सुका: कागद, प्लास्टिक, काच, धातू. दुधाची पिशवी धुऊनच.
- सॅनिटरी: पॅड आणि डायपर, वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका.
- घातक: बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे.

ओला कचरा पिशवीत बांधून घ्यायचा नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. बादली आणायची, ड्रममध्ये उलटी करायची, बादली परत न्यायची. पिशवीची सवलत एकाला दिली की आठवड्यात निम्मी घरं पिशवीवर येतात आणि चौकीदारभाऊंचा अर्धा तास गाठी सोडण्यात जातो.

चहाच्या पिशव्यांचं कापड कधी कधी प्लास्टिकचं असतं, ती फाडून फक्त पत्ती घ्या. नारळाची करवंटी आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा, त्या वर्षभर तशाच राहतात. हाडं घेऊ नका. सावजी रश्श्याची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी कुत्री आवाराभोवती फिरतात, त्यांना आमंत्रण नको. तर्रीचं तेलही बादलीत ओतू नका. तेल कचऱ्यावर चढलं की हवा कोंडते.

संत्र्याच्या सालीबद्दल मला दर हिवाळ्यात विचारतात. चालते. गांडुळांना ती मानवत नाही, पण साध्या कुजण्याला अडचण येत नाही. साल हातानं फाडून टाका आणि एकाच जागी ढीग करू नका.

## ५. टाकी

यंत्राच्या मोहात पडण्याआधी एक लक्षात घ्या. '२४ तासांत खत' म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रं कचरा दळून तापवतात आणि वाळवतात. बाहेर पडणारा भुगा दिसायला खतासारखा असतो, पण कुजलेला नसतो. कुंडीत घालून पाणी दिलं की तो तिथे सडायला लागतो. आमच्या ओळखीच्या एका मोठ्या संकुलात असं यंत्र आज झाकून ठेवलंय, वीजबिल पाहून बंद केलं.

आम्ही विटांच्या तीन टाक्या बांधल्या. प्रत्येक चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच, म्हणजे जवळपास एक घनमीटर. भिंती जाळीच्या, दोन विटांमध्ये फट ठेवून, म्हणजे चहूबाजूंनी हवा जाते. फटींना आतून अर्ध्या इंचाची तारेची जाळी, उंदरांसाठी. तळाशी विटा कोरड्या मांडलेल्या, थोडा उतार देऊन. वर उतरता पत्रा, टाकीपासून फूटभर उंच आणि सगळीकडून फूटभर बाहेर आलेला. पत्रा धरून सगळा खर्च २८ हजार आला.

मिस्त्रीला एक गोष्ट दोनदा सांगा: समोरची भिंत बांधायची नाही, तिथे सरकत्या फळ्या बसवायच्या. आमची पहिली टाकी त्यानं चारही बाजूंनी पक्की बांधली. खत काढायला आत उतरावं लागलं आणि शेवटी भिंत फोडली.

जागा शक्यतो पूर्वेकडची किंवा झाडाखालची बघा. पश्चिमेकडून ऊन येत असेल तर त्या बाजूला शेडनेट लावा. बोअरवेल आणि जमिनीतली पाण्याची टाकी यांच्यापासून लांबच राहा.

तीनच का? आमची एक टाकी ३५ दिवसांत भरते. तिसरी भरेपर्यंत पहिलीला सत्तर दिवस विश्रांती मिळते, तेवढ्यात ती काढायला येते. तुमचा कचरा दुप्पट असेल तर टाक्या सहा करा. एकच मोठी टाकी करू नका, मधोमध हवा पोचत नाही.

## ६. रोजचं काम

पहिल्या दिवशी तळाशी काड्या आणि जाड पाल्याचा वीतभर थर द्या. त्यावर जवळच्या गोठ्यातलं शेण पाण्यात कालवून शिंपडा. शेण नसेल तर आंबट ताक चालतं. विकतची पावडर नसली तरी अडत नाही.

त्यानंतर रोज चार हालचाली. ड्रममधला कचरा टाकीत पसरायचा. मोठे तुकडे फावड्यानं तोडायचे. कालच्या थरात दाताळ्यानं थोडा मिसळायचा. वर पाला टाकून पूर्ण झाकायचा. कचऱ्याचा एकही रंग वरून दिसता कामा नये. पालकाचं हिरवं किंवा टमाटराचं लाल दिसलं की माशी तिथे बसणार. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आठवड्यातून एकदा मात्र खालून वर हलवायचं, त्याला अर्धा तास धरा.

सहा-सात दिवसांत आत हात घातला तर गरम लागेल. टाकीच्या मध्यात ५५ अंशांच्या वर तापमान गेलं की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. हिवाळ्यात सकाळी फळी सरकवली की वाफ निघते. ती धूर समजून आमच्याकडे एकदा कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं होतं.

## ७. नागपूरचं वर्ष

मे: इथे वासापेक्षा कोरडं पडण्याचा त्रास जास्त. ४५ अंशांत वरचा फूटभर थर दोन दिवसांत कुरकुरीत होतो आणि कुजणं थांबतं. मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा, डाळ-तांदूळ धुतलेलं चालेल. कूलरच्या टाकीत उरलेलं किंवा आरओनं फेकलेलं पाणी वापरू नका, त्यात क्षार साठलेले असतात. याच कारणानं नवख्यांनी गांडूळखतानं सुरुवात करू नये असं माझं मत आहे. गांडुळं ३५ अंशांपुढे तगत नाहीत, आणि आपल्याकडे मार्चअखेरीसच पारा त्याच्या वर जातो.

पावसाळा: पाल्याचं प्रमाण थोडं वाढवा आणि आठवड्यात दोनदा हलवा. तळातून तपकिरी पाणी निघालं तर ते दहापट पाण्यात मिसळून झाडांच्या बुडाशी द्या, भाज्यांवर शिंपडू नका. गणपतीत निर्माल्य वाढतं. दोरे, तारा आणि थर्माकोल काढून मगच आत घ्या.

हिवाळा: सगळ्यात सोपा काळ. थोडं हळू चालतं, एवढंच.

## ८. काही बिघडलं तर

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. त्याच दिवशी उपसून पाला मिसळा, 'उद्या बघू' नको. नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे नत्र जास्त, पाला वाढवा. मुंग्या लागल्या तर ओल कमी आहे. चिलटं झाली तर कचरा नीट झाकला गेलेला नाही. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना.

राखाडी, जाडसर अळ्या दिसल्या की ग्रुपवर फोटो येतो आणि गदारोळ होतो. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. झपाट्यानं कचरा खातात, आणि ती माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही. फिनाईल टाकू नका. आमच्याकडे एका दादांनी मध्यरात्री टाकलं आणि टाकी महिनाभर थंड पडली. वर पाल्याचा जाड थर द्या, अळ्या दिसेनाशा होतात. तेवढ्यानं सोसायटीही शांत होते.

## ९. खत काढणं

तयार खत काळपट, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आत हात घातला तर गरम लागत नाही. शंका असेल तर एका वाटीत खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन मेथीचे वीस दाणे टाका. आठवड्यात सोळा-सतरा उगवले तर काढा, पाच-सहाच आले तर आणखी तीन आठवडे थांबा.

काढल्यावर दोन दिवस सावलीत पसरवून मग चाळा. आमच्या एका टाकीतून साधारण १३० किलो चाळलेलं खत निघतं. कुंडीसाठी एक भाग खताला दोन भाग माती आणि थोडी रेती पुरे. नुसत्या खतात रोप लावू नका. पहिलं खत विकायच्या भानगडीत न पडता प्रत्येक घराला दोन-दोन किलो वाटा. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पाच किलो मागून नेलं.

चाळणीवर काड्या, कोयी आणि अर्धवट कुजलेली पानं उरतात. ती फेकू नका. भरत असलेल्या टाकीत पाल्याबरोबर टाका, त्यांवर जिवाणू आधीच बसलेले असतात आणि नवा थर दोन-तीन दिवस लवकर तापतो. एक-दोन चमचेही सापडतील. आमच्याकडे ते मीटरच्या खोलीतल्या डब्यात ठेवतो, ज्याचा त्यानं ओळखून न्यावा.